एका शब्दयोगी अव्ययाचे प्रकरण : कोलकाता, १८२१

१८२१ सालाच्या आगेमागे कोलकात्यात तीन माणसे एकत्र बसून शुभवर्तमानांचे, म्हणजे बायबलातील येशूच्या चरित्रग्रंथांचे, नव्याने बंगाली भाषांतर करत होती. त्यांपैकी विल्यम येट्स आणि विल्यम ॲडम हे दोघे तिशीच्या आतले बॅप्टिस्ट मिशनरी होते. तिसरे होते राममोहन राय, जे ख्रिस्ती नव्हते आणि होण्याची चिन्हेही दिसत नव्हती. योहानाच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या वचनापाशी काम अडले. सारी सृष्टी ख्रिस्ताने केली असे लिहायचे, की ती ख्रिस्ताच्या द्वारे झाली असे लिहायचे, एवढाच प्रश्न होता. त्रैक्याच्या सिद्धान्तावर शतकानुशतके जो वाद झाला, तो या एका अव्ययात जवळजवळ पुरा सापडतो, म्हणून हे प्रकरण येथे सविस्तर मांडत आहे.

त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती, पण देव एकच आणि त्या तिघांचे तत्त्वही एकच. मराठी वाचकाला येथे त्रिमूर्ती आठवणे स्वाभाविक आहे, परंतु ते साम्य फार पुढे नेता येत नाही, कारण त्रैक्यात उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामांची वाटणी नाही. पुत्र हा पित्याइतकाच पूर्ण देव आहे, आणि तरीही देव दोन होत नाहीत. अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूला नेमके हेच पटत नव्हते. पुत्र कितीही श्रेष्ठ असला तरी तो पित्याने उत्पन्न केलेला आहे, आणि तो नव्हता अशी एक अवस्था होती, असे त्याचे म्हणणे होते. ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या परिषदेने ते नाकारले आणि पुत्र हा 'जनित, निर्मित नव्हे' आणि पित्याशी एकतत्त्व आहे, असे श्रद्धाविधानात लिहून टाकले. तेव्हापासून एरियसचे नाव म्हणजे चर्चमधले जुने भय. कोणाच्या लिखाणाला त्याचा वास येतो म्हणणे, हा आरोप पुरेसा असे.

पार्श्वभूमी

विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८०० साली डेन्मार्कच्या ताब्यातील, बंगालमधील श्रीरामपूर येथे मिशन आणि छापखाना थाटला, आणि तेथून भारतीय भाषांतील बायबलांचा ओघ सुरू झाला. बंगाली नवा करार १८०१ साली निघाला. मराठीतले मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ साली छापले गेले तेही याच छापखान्यात, आणि फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणारे कॅरी हे आपल्याकडे मराठी व्याकरण आणि कोश रचणारे म्हणून परिचित आहेत. उरक दांडगा होता, पण भाषेचे वळण पुष्कळदा परके राही. कॅरींचे बंगाली वाचून बंगाल्यांना नीट अर्थबोध होत नाही, अशी तक्रार खुद्द तरुण मिशनऱ्यांत होती. येट्स हे श्रीरामपूरच्या ज्येष्ठांशी न जमल्याने कोलकात्यात वेगळे बसलेल्या तरुण गटातले होते, आणि १८१८ साली स्कॉटलंडहून आलेले ॲडम त्याच गटात सामील झाले. चांगले बंगाली हवे तर चांगला बंगाली माणूस हवा, हे त्यांनी ओळखले आणि राममोहनांना सोबत घेतले.

राममोहनांचा मात्र याच सुमारास श्रीरामपूरशी खटका उडालेला होता. १८२० साली त्यांनी येशूच्या नैतिक उपदेशाचे एक संकलन कोलकात्याच्या बॅप्टिस्ट मिशन प्रेसमध्ये छापून घेतले. शुभवर्तमानांतील चमत्कार आणि सिद्धान्ताचा भाग त्यांनी बाजूला ठेवला होता आणि माणसाने माणसाशी व देवाशी कसे वागावे याविषयीची वचने तेवढी घेतली होती. योहानाच्या शुभवर्तमानातून तर फारच थोडे घेतले होते. एखाद्या हिंदूने येशूची थोरवी गाइली म्हणून मिशनऱ्यांनी हे पुस्तक डोक्यावर घ्यायला हवे होते, असे आज वाटते. झाले उलटेच. श्रीरामपूर मिशनच्या 'फ्रेंड ऑफ इंडिया' या नियतकालिकातून त्यावर टीका झाली आणि संकलनकर्त्याचा उल्लेख मूर्तिपूजकांसाठीच्या हेटाळणीच्या शब्दाने झाला. मूर्तिपूजेविरुद्ध झगडून स्वकीयांचा रोष ओढवून घेतलेल्या माणसाला तो शब्द किती झोंबला असेल, हे सांगायला नको.

मार्शमन यांच्या बाजूने पाहिले तर त्यांच्या रागाला तर्क होता. बॅप्टिस्टांच्या दृष्टीने माणूस उपदेशाने तरत नाही. तो ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताने, म्हणजे क्रुसावरील बलिदानाने तरतो. आणि बळी गेलेला जर देव नसून एक सत्पुरुष असेल, तर त्या बलिदानाने साऱ्या मानवजातीचे पाप कसे फिटणार? म्हणून ख्रिस्ताचे देवत्व सैल झाले की प्रायश्चित्त सैल होते, आणि प्रायश्चित्त सैल झाले की श्रीरामपूरला येण्याचेच कारण उरत नाही. राममोहनांनी केवळ नीती वेगळी काढली, पण मार्शमन यांना त्यात अख्ख्या इमारतीची कोनशिला काढल्यासारखे वाटले.

तो एक शब्द

आता प्रत्यक्ष वचनाकडे येऊ. मूळ ग्रीकमध्ये तेथे 'दिआ' हे अव्यय आहे. षष्ठीबरोबर आले की त्याचा सरळ अर्थ 'च्या द्वारे', 'च्या मधून'. कर्मणी प्रयोगात कर्ता सांगायचा असेल तर ग्रीकमध्ये साधारणपणे 'हिपो' हे दुसरे अव्यय येते. १६११ च्या इंग्रजी बायबलाने 'दिआ'साठी 'बाय' हा शब्द वापरला, आणि येथेच गोंधळाचे बीज पडले, कारण इंग्रजी 'बाय' आपल्या तृतीयेसारखा आहे. संस्कृत व्याकरणाचा विद्यार्थी 'रामेण बाणेन हतो वाली' हे उदाहरण पाठ करतो. त्यात राम कर्ता आहे आणि बाण करण आहे, पण दोघांनाही तृतीयाच लागली आहे. मराठीतही 'रामाने बाणाने मारले' म्हणताना दोन्हीकडे 'ने' येतो आणि मारणारा कोण, साधन कोणते, हे ऐकणारा आपल्या समजुतीने ठरवतो. 'राजाने देऊळ बांधले' आणि 'राजाने गवंड्याकरवी देऊळ बांधले' यांतला फरक मात्र 'करवी' या शब्दाने उघड होतो. इंग्रजी 'बाय'मध्ये कर्ता आणि साधन दोन्ही झाकून राहतात. भाषांतरकाराला झाकण काढावेच लागते. बंगालीत 'कर्तृक' म्हटले की कर्तेपण येते, 'द्वारा' म्हटले की माध्यम येते.

ॲडम यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीवरून, तिघांच्या बैठकीत आधी 'द्वारे' या अर्थाचा शब्द ठरला आणि येट्स यांचीही त्याला संमती होती, कारण ग्रीक भाषेचा कौल स्पष्ट होता. त्यानंतर मात्र येट्स यांनी संमती मागे घेतली. कारण व्याकरणाचे नव्हते: या शब्दाला एरियनवादाचा वास येतो, असे त्यांचे म्हणणे पडले. देवाने ख्रिस्ताच्या द्वारे सृष्टी केली, असे लिहिले तर मूळ कर्ता वेगळा आणि ख्रिस्त त्याचे माध्यम, म्हणजे गवंडी, असे कोणीतरी म्हणेल.

ॲडम आणि येट्स यांची ही वादावादी चालू असताना राममोहन हातात लेखणी धरून अदबीने, पण अलिप्तपणे बसून होते. सारे पाहत होते, ऐकत होते, आणि एक शब्दही बोलत नव्हते, असे ॲडम यांनी लिहून ठेवले आहे. या प्रकरणातील हे दृश्य मला सर्वांत बोलके वाटते. ज्याला ख्रिस्ताचे देवत्व पटवून द्यायचे त्याच्याच समोर, पटवणाऱ्यांपैकी एक जण शास्त्रात काय लिहिले आहे यापेक्षा ते लिहिल्याने काय होईल याचा विचार करत होता. राममोहनांनी वाद घातला असता तर कदाचित ॲडम आणि येट्स एका बाजूला झाले असते. ते गप्प राहिले, आणि ॲडम यांना आपल्याच सहकाऱ्याचे म्हणणे तिऱ्हाइतासारखे ऐकावे लागले. ही हकिकत ॲडम यांच्या बाजूने आली आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. येट्स पुढे आयुष्यभर बंगाली आणि संस्कृतची उत्तम सेवा केलेले भाषांतरकार होते, तेव्हा त्यांना ग्रीक कळत नव्हते असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

येट्स यांची भीती कितपत खरी होती?

ती अगदीच निराधार नव्हती. तिसऱ्या शतकात ओरिजेन या अलेक्झांड्रियाच्या थोर भाष्यकाराने याच वचनावर लिहिताना म्हटले होते की, सर्व काही शब्दाच्या (योहान ख्रिस्ताला 'शब्द' म्हणतो) 'द्वारे' झाले असेल तर ते शब्दा'कडून' झालेले नाही, तर शब्दाहून समर्थ आणि थोर अशा कोणाकडून तरी झाले आहे. म्हणजे येट्स यांना वाटणारी शंका सोळाशे वर्षांपूर्वीच शब्दशः मांडली गेली होती. पुढे चौथ्या शतकात एरियसच्या पंथातील कट्टर मंडळींनी तिचे शस्त्र केले: पित्या'पासून', पुत्राच्या 'द्वारे', आत्म्या'मध्ये' अशी तीन अव्यये वेगवेगळी येतात, त्या अर्थी तिघांचे स्वरूपही वेगवेगळे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

याला उत्तर दिले ते कैसरियाच्या बेसिलने, ३७५ च्या सुमारास पवित्र आत्म्यावर लिहिलेल्या ग्रंथात. शब्दयोगी अव्ययांवर एवढे बारकाईने लिहिलेले धर्मशास्त्र क्वचितच वाचायला मिळते. 'ज्याच्या द्वारे तुम्हांला पाचारण झाले' असे प्रेषित पौल पित्याविषयीही म्हणतो, तेव्हा 'द्वारे' या शब्दाने कनिष्ठपणा सिद्ध होत असेल तर पिताही कनिष्ठ ठरेल, असे बेसिलने दाखवून दिले. अव्यये व्यक्तींची नाती सांगतात, दर्जा सांगत नाहीत. आणि याहून मोठी गोष्ट अशी की, एरियसला बाहेर काढण्यासाठीच रचलेल्या नायसियाच्या श्रद्धाविधानात पुत्राविषयी 'ज्याच्या द्वारे सर्व काही झाले' असेच म्हटले आहे आणि तेथेही तेच 'दिआ' आहे. जो शब्द वापरून तीनशे बिशपांनी एरियसला धिक्कारले, त्याच शब्दाला कोलकात्यात एरियसचा वास येत होता.

तेव्हा येट्स यांची चूक कोठे झाली? माझ्या मते ते ग्रीकवरून भाषांतर करत होते, पण कानात लहानपणापासून घुमत असलेले इंग्रजी वचन होते. 'बाय' या शब्दाने जी संदिग्धता सुखरूप झाकली होती ती बंगालीत उघडी पडली, आणि ते उघडे पडणे त्यांना नवा पाखंड वाटला. त्यातच राममोहनांसारखा प्रतिवादी समोर बसलेला असताना त्याच्या हाती आपण होऊन हे शास्त्रवचन सोपवायचे, हे जड गेले असणार. एरवी त्यांनी बेसिलचा मार्ग सहज घेतला असता.

ॲडम यांचे वळण

ॲडम यांनी तो मार्ग घेतला नाही. ७ मे १८२१ च्या पत्रात त्यांनी कळवले की, ख्रिस्ताच्या परमदेवत्वाविषयी आपल्याला काही महिन्यांपासून शंका येत आहेत. राममोहनांना तो सिद्धान्त पटवण्यासाठी जी वारंवार चर्चा होई तिच्यातूनच त्या उद्भवल्या, आणि येट्सही त्या चर्चेत असून त्यांनाही काही अडचणी जाणवल्या होत्या. धर्मांतर करायला गेलेल्याचेच मतांतर झाले. कोलकात्याच्या इंग्रज समाजात 'दुसरा पतित आदाम' अशी कोटी फिरू लागली, कारण इंग्रजीत आदाम आणि ॲडम हे नाव एकच. राममोहनांचे हितशत्रूही यावर हसले असतील.

हे हसण्यावारी नेण्यासारखे प्रकरण नव्हते. त्रैक्य नाकारणे हा ब्रिटनमध्ये कायद्याने गुन्हा होता आणि ती शिक्षा १८१३ च्या कायद्याने, म्हणजे अवघ्या आठ वर्षांपूर्वी, उठली होती. ॲडम यांच्याच स्कॉटलंडमध्ये थॉमस एकेनहेड या विशीतल्या विद्यार्थ्याला १६९७ साली एडिंबरोत ईशनिंदेसाठी फाशी दिले गेले होते, आणि त्याच्यावरील आरोपांत त्रैक्याची टिंगल हाही होता. ॲडम यांच्या मानेला धोका नव्हता, पण मिशनची जागा, पगार आणि सोबती गेले. सप्टेंबर १८२१ मध्ये त्यांच्यासाठी कलकत्ता युनिटेरियन (म्हणजे त्रैक्य न मानणारी) कमिटी स्थापन झाली. तीत बॅरिस्टर, ॲटर्नी, सर्जन, व्यापारी असे काही युरोपीय होते, आणि राममोहनांसह द्वारकानाथ ठाकूर व प्रसन्नकुमार ठाकूर होते. देव एकच, तीन व्यक्ती नव्हेत, एवढ्यावर स्कॉटलंडचा ख्रिस्ती आणि बंगालचा ब्राह्मण एका कमिटीत बसले.

तिकडे मार्शमन आणि राममोहन यांचा लेखी सामना वाढत गेला. राममोहनांनी १८२० साली पहिले, १८२१ साली दुसरे निवेदन काढले, आणि वचनांना वचनांनीच उत्तर दिले. 'मी आणि पिता एक आहो' हे योहानाच्या दहाव्या अध्यायातले वाक्य पुढे आले, की ते सतराव्या अध्यायाकडे बोट दाखवत, जेथे येशू शिष्यांसाठीही प्रार्थना करतो की, आपण जसे एक आहो तसे त्यांनीही एक व्हावे; मग बारा शिष्यही एकतत्त्व देव होतात काय? 'सर्व अधिकार मला दिला आहे' या वचनात त्यांनी 'दिला' या क्रियापदावर जोर दिला, कारण ज्याला दिले जाते तो देणाऱ्याच्या बरोबरीचा कसा? मार्शमन यांनी येशूने स्वीकारलेली उपासना, यशया या संदेष्ट्याचे भविष्य आणि प्रायश्चित्ताची गरज यांच्या आधारे प्रदीर्घ उत्तरे दिली. तिसऱ्या, अखेरच्या निवेदनाच्या वेळी बॅप्टिस्ट मिशन प्रेसने छपाईच नाकारली, तेव्हा राममोहनांनी धर्मतल्ल्याला स्वतःचा छापखाना उभारून १८२३ साली ते पुस्तक काढले. ग्रीक आणि हिब्रू अवतरणांनी भरलेला हा ग्रंथ, ख्रिस्ताचे देवत्व अमान्य करण्यासाठी एका बंगाली ब्राह्मणाने लिहिलेला, श्रीरामपूरच्या विद्वानांना नाकारता येण्याजोगा नव्हता. फक्त छापण्याजोगा नव्हता.

त्याच वर्षी राममोहनांनी एक लहानसा संवाद लिहिला. एक मिशनरी आपल्या तीन चिनी शिष्यांना विचारतो, देव किती? पहिला म्हणतो तीन. दुसरा म्हणतो दोन, कारण तिघांपैकी एक फार पूर्वी पश्चिमेकडे मेला असे तुम्हीच सांगितले. तिसरा म्हणतो एकही नाही: देव एकच, ख्रिस्त तोच देव, आणि त्याला सुमारे अठराशे वर्षांपूर्वी यहुद्यांनी क्रुसावर दिले, मग उरले कोण? हे विडंबन आहे, खंडन नव्हे. त्रैक्यवादी म्हणेल की पिता मेला असे आम्ही कधीच म्हटले नाही, आणि ते खरेच आहे. तरीही शिकवणुकीची भाषा ऐकणाऱ्याच्या कानात कशी उतरते, याचा एवढा नेमका दाखला मला दुसरा माहीत नाही, आणि 'द्वारे'वरून झालेल्या वादात नेमका तोच प्रश्न होता.

पुढे काय झाले

ॲडम यांचे युनिटेरियन उपासनालय चालले नाही. युरोपीय येईनात, बंगाल्यांना ते आपले वाटेना. उपासनेहून परतताना ताराचंद चक्रवर्ती आणि चंद्रशेखर देव यांनी, आपलेच उपासनास्थान का नसावे, असे राममोहनांना विचारले असे सांगतात. २० ऑगस्ट १८२८ रोजी ब्राह्म सभा (पुढचा ब्राह्म समाज) भरली. ॲडम यांनी नंतर बंगालमधील देशी शिक्षणाची पाहणी केली, तिचे १८३५ ते १८३८ मधील अहवाल शिक्षणाच्या इतिहासात आजही उद्धृत होतात, आणि त्यांत त्रैक्याचा प्रश्न कोठेही नाही.

महाराष्ट्राशी या धाग्याचा संबंध उशिरा जुळला. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, त्याचे ब्राह्म समाजाशी नाते होते, आणि ब्रिटनच्या युनिटेरियनांशी ओळखही होती. १९०१ ते १९०३ या काळात विठ्ठल रामजी शिंदे युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, आणि परतून प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

आणि ते वचन? आज महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या प्रचलित मराठी बायबलात योहान १:३ येथे 'त्याच्या द्वारे' असेच छापलेले आहे. ते वाचणारी मंडळी त्रैक्य मानणारी असते, आणि तिच्यापैकी कोणालाही त्या शब्दात एरियस दिसत नाही.